कामं वाटायची, तर सबंध वाटा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. आवडीनिवडी जुळतात, म्हणून एकत्र राहणं सोपं जाईल असं तू लिहिलंस. पण एका घरात आधी खटके उडतात ते सवयींवरून. दिवा कधी मालवायचा, ओला टॉवेल कुठे टाकायचा, भांडी रात्रीच घासायची की सकाळी.

कामं अर्धी-अर्धी वाटून घेऊ, हा बेत मात्र सोडून दे. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 37 जोडप्यांना वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांतला आपापला वाटा विचारला होता. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या आकड्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. यात कुणी खोटं बोलत नसतं. स्वतः केलेलं चटकन आठवतं. दुसऱ्यानं उरकलेलं कित्येकदा दिसतही नाही.

म्हणून काम सबंध सोपवायचं. धुणं म्हणजे नुसतं मशीन लावणं नव्हे. साबण संपत आलाय हे बघणं, रंग जाणारे कपडे बाजूला काढणं, वाळत घालणं, घड्या करणं, कपाटात ठेवणं हे सगळं त्यात आलं. जोडीदाराला फक्त 'मशीन लाव' म्हटलंस, तर बाकीचं ध्यानात ठेवणं तुझ्याच डोक्यात राहतं, आणि खरा शीण त्याचाच असतो. 'सांगितलं असतंस तर केलं असतं' यावरून होणारी भांडणं तिथूनच निघतात. काम कुठवर झालं की झालं, हेही आधी बोला: ओटा पुसणं म्हणजे शेगडीखालचंही का? आणि एकदा दिलेलं काम मागून सुधारत बसू नकोस. घातलेल्या घड्या दोनदा मोडल्यास, तर तिसऱ्यांदा ते काम तुझ्याकडेच परत येईल.

झोपेच्या वेळा जुळत नसतील तर दोन वेगळी पांघरुणं आणि वाचायला छोटा दिवा, एवढ्यानं बरंच निभतं. घोरताना श्वास मधेच अडकत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

खर्च कमाईच्या प्रमाणात धरा. एकाची कमाई दुसऱ्याच्या दीडपट असेल तर 60:40. उरलेल्याचा हिशेब एकमेकांना मागू नका.

वाद चढला की निदान 20 मिनिटं थांबा, पण परत कधी बोलायचं ती वेळ सांगूनच उठ. न सांगता उठलेलं माणूस समोरच्याला पळून गेल्यासारखं वाटतं.

राहायला जाण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर घरातली सगळी कामं लिहा. एकाच्याच यादीत असलेल्या कामांपासून बोलायला बसा.