मानसशास्त्र शिकतोयस ना, मग वही काढ
येल विद्यापीठातली पॉल ब्लूम यांची २००७ सालची २० व्याख्यानं नेटवर फुकट आहेत, तिथून सुरू कर. पण एका दमात तीन-चार बघू नकोस. एक झालं की व्हिडिओ बंद, आणि आठवेल तेवढं वहीत लिही, रडतखडत का होईना. नुसतं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तिथेच आपण फसतो. ‘ऋण प्रबलन’ म्हणजे शिक्षा, ही माझी समजूत वर्षभर टिकली होती! गाडीत पट्टा लावला की ती टिंगटिंग थांबते, म्हणून आपण पुढच्या वेळी मुकाट लावतो. हे ऋण प्रबलन. नकोसं काही टळतं आणि ते वागणं वाढतं. शिक्षेने कमी होतं. आणि हो, १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग (खोट्या तुरुंगात काही विद्यार्थ्यांना कैदी, काहींना पहारेकरी बनवलं होतं तो) रीलमध्ये दिसला, तर त्यावरची टीकाही वाच. पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं गेलं होतं, हे रीलवाले गाळतात.