शेडनेट आधी की गिऱ्हाईक आधी?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीकडच्या एका ताईंचा आहे. घरची 30 गुंठे बागायत, सगळी उसात. मालक पलूसच्या वर्कशॉपमध्ये, हातात पगार 26 हजार. घरखर्च 19 हजार, थोरली अकरावीला. बँकेत 4 लाखांची ठेव आहे. 10 गुंठ्यांत शेडनेट, म्हणजे सांगाड्यावर जाळीचं कापड ताणलेलं घर, उभारून ढोबळी मिरची घ्यायची, असा त्यांचा विचार आहे. कोटेशन 7 लाख 20 हजारांचं. त्यातले 2 लाख 20 हजार ठेव मोडून आणि 5 लाख कर्ज काढून द्यायचे. बँकेने 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत सांगितली आहे. त्या विचारतात, ‘करू का?’

ताई, भाजीत उतरायचा विचार चांगला आहे, तो सोडू नका. पण शेडनेट यंदा नको.

पाच लाखांचा हप्ता महिन्याला 10,871 रुपये बसतो. घरात महिन्याला शिल्लक राहतात 7 हजार. म्हणजे मिरचीचं पहिलं फळ दिसायच्या आधीच दरमहा जवळपास 3,900 रुपये कमी पडणार. उभारणीला महिना, आणि रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला 60 ते 70 दिवस. एवढे दिवस ही तूट ठेवीतूनच भरावी लागेल.

कोटेशनसोबत जो नफ्याचा कागद दिलाय, त्यात 12 टन माल आणि किलोला 45 रुपये दर धरलाय. पहिल्याच वर्षी, हात बसलेला नसताना, 8 टन धरा. रोपं, खतं, फवारण्या, मजुरी मिळून 1 लाख 40 हजार आणि वर्षाचे हप्ते 1 लाख 30 हजार. म्हणजे विक्रीचा खर्च वजा जाता किलोला 34 रुपये हातात पडले, तर कुठे बरोबरी होते, आणि तेही सलग पाच वर्षं. ढोबळीवर फुलकिडे आणि कोळी या किडी आल्या की पानं आकसतात, फळ वेडंवाकडं होतं आणि तोच माल निम्म्या दराने जातो. एक हंगाम असा गेला तर हप्ता पगारातून भरावा लागेल.

हा हिशेब बदलू शकतो, तो फक्त शेडनेटच्या सरकारी अनुदानाने. साडेतीन लाख अनुदान येऊन थेट कर्जात भरलं गेलं, तर दीड लाख कर्ज उरतं, हप्ता 3,261 वर येतो आणि बरोबरीचा दर किलोला साधारण 22 रुपयांवर. हे झेपण्यासारखं आहे. पण अनुदान काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळतं, तोवर सगळे पैसे तुम्हीच घालायचे. शिवाय पूर्वसंमतीचं पत्र हातात यायच्या आधी खांब रोवला, तर ते काम अनुदानात धरत नाहीत. ‘आधी उभारू, कागद मागून करू’ असं कोणी म्हटलं, तर तिथेच थांबा.

यंदासाठी माझा सल्ला असा: ऊस तुटून गेला की त्यातले 8 गुंठे रिकामे ठेवा, बाकी 22 गुंठे ऊसच राहू द्या. गुंठ्याला एक टन आणि टनाला 3,000 धरले, तर 8 गुंठ्यांच्या उसाचे 24 हजार होतात, तेही खर्च न वजा करता. आडसाली लागण असेल तर त्यासाठी 16 ते 18 महिने थांबायचं. एवढंच उत्पन्न तुम्ही पणाला लावताय.

8 पैकी 5 गुंठे पालेभाजीला. मेथी 25 ते 30 दिवसांत निघते, कोथिंबिरीला 35 ते 45 दिवस लागतात. पाच तुकडे करा आणि दर आठवड्याला एकच पेरा. आठवड्याला साधारण एक गुंठा काढणीला येत राहील. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पाचही गुंठे एकदम पेरले की हजारभर जुड्या एकाच आठवड्यात निघतात, आणि मग दर व्यापारी म्हणेल तो. मेथीला गुंठ्याला 250 ते 300 ग्रॅम बी. कोथिंबिरीचे धने रगडून दोन फोडी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उरलेल्या 3 गुंठ्यांत भेंडी, काकडी, वांगी. गादीवाफे 3 फूट रुंद आणि सहा इंच उंच ठेवा, मधे दीड फुटाची वाट. आपल्या काळ्या जमिनीत सपाट वाफ्यात पावसाचं पाणी साचून मेथी मुळातून पिवळी पडते.

उसाच्या रानाचं आणखी एक. मागच्या हंगामात ॲट्राझिनसारखं तणनाशक मारलं असेल तर त्याचा अंश जमिनीत राहतो. त्या रानातली माती ट्रेमध्ये भरून मेथी पेरा आणि पंधरा दिवस बघा. उगवून कडेने करपली, तर ते रान अजून थांबवा. शेजाऱ्याच्या उसात 2,4-डी हे तणनाशक मारत असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा. वाऱ्याने आलेल्या फवाऱ्यानेही भेंडीची पानं चिंचोळी होतात. माती तपासताना क्षारांचा आकडा मागून घ्या. आपल्या भागात पाणी जास्त झालेली रानं क्षारपड झालीत, आणि अशा रानात मेथी नीट येत नाही.

आता पैसे. आठवड्याला 150 जुड्या 10 रुपयांनी आणि 40 किलो फळभाजी 30 रुपयांनी विकली, तर 2,700. बी, मजुरी, औषध आणि पेट्रोल मिळून 1,150. वर्षाचे 52 आठवडे धरू नका, 38 धरा. पावसाळ्यात आणि लग्न-कार्यात खाडे पडतात. त्यातून शेणखत आणि दुरुस्तीचे 7 हजार वजा केले की वर्षाला साधारण 52 हजार, महिन्याला सव्वाचार हजार राहतात. त्यात तुमच्या रोजच्या चार-पाच तासांची मजुरी धरलेली नाही. हा आकडा हप्त्याच्या निम्माही नाही, म्हणून कर्ज आत्ता नको म्हणतोय.

सुरुवातीचा खर्च 60 हजारांच्या आत बसवा: रेन पाइप आणि ठिबक, फिल्टर, क्रेट, वजनकाटा, पाठीवरचा पंप, शेणखत, बी. ठिबकला अनुदान आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. ठेवीच्या पावत्या वेगवेगळ्या असतील तर एकच मोडा. एकच मोठी असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता उचल, घ्या, मुदतीआधी मोडल्याचा दंड वाचतो. घरखर्चाचे सहा महिन्यांचे 1 लाख 14 हजार वेगळे ठेवा आणि त्यांना शेतीसाठी हात लावू नका.

विक्री आठवड्यातून दोन-तीन दिवस, ठरलेल्या वेळी, पलूस आणि किर्लोस्करवाडीच्या वसाहतींत. फळं-भाजीपाला 2016 मध्ये बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे थेट विक्रीला अडचण नाही. मेथी संध्याकाळी उपटा, मुळाची माती झटका, केळीच्या सोपाने जुडी बांधा, ओल्या गोणपाटाखाली उभी ठेवा. पानं भिजवून ढीग घातला की सकाळपर्यंत आतून काळी पडतात.

वहीत प्रत्येक फेरीला चार आकडे लिहा: किती जुड्या नेल्या, किती विकल्या, किती परत आल्या, काय दर मिळाला. परत आलेल्यांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तीस आठवड्यांनी पाहा. खर्च जाऊन आठवड्याला 2,000 उरत असतील आणि शंभरातल्या 15 पेक्षा कमी जुड्या परत येत असतील, तर 5 गुंठ्यांच्या शेडनेटचा विचार करू, तोही पूर्वसंमती हातात असताना.

तेव्हा जागा मात्र नदीकाठच्या मळीत नको. 2005, 2019, 2021 चं पाणी तुमच्या गावाने पाहिलंय. बुडालेली मेथी महिन्याने परत येते, वाकलेला सांगाडा येत नाही. वळवाच्या वाऱ्यात कापड फाटतं, तसंही ते तीन ते पाच वर्षांत बदलावंच लागतं, म्हणून त्याचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाका. विमा घेताना त्यात वारा आणि पूर दोन्ही धरलेत का, ते वाचून घ्या.

आणि सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, असं तुम्ही लिहिलंय. अनुदानाचा अर्ज, बँकेचं कर्ज, खातं सगळं त्यांच्याच नावे होईल, आणि सांगाडा उभा राहील सामाईक जमिनीवर. दीर पुण्यात असले तरी त्यांचा हिस्सा आहे. कुठल्या गुंठ्यांत काय करणार, हे त्यांच्याशी आत्ताच बोला आणि वाटपाचं कागदावर घ्या.