बीपीसाठी कुत्रा आणताय?

काका, डॉक्टरांनी चाला म्हटलं म्हणून कुत्रा आणताय, तर जरूर आणा. मीही तसाच आणला होता. सकाळी साडेपाचला पट्टा तोंडात धरून दाराशी उभं राहिलेलं जनावर कुठलीही सबब ऐकत नाही, पाऊस असो की गुडघा धरलेला असो. मात्र गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नका, ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

मला खरा फायदा वेगळाच झाला. बायको गेल्यावर दिवस दिवस तोंड उघडायची वेळ यायची नाही. आता निदान "मोत्या, परत पाणी सांडलंस?" एवढं तरी होतं. सोसायटीतली माणसंही थांबून बोलतात. (त्यांना मोत्याचं नाव पाठ आहे, माझं अजून नाही!) 2015 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे टक लावून बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक (हार्मोन), वाढतं. मोत्या चहाच्या वेळी बघतो तो बिस्किटासाठी, पण चालतंय.

तुमच्या वयाला लॅब्रॅडोरचं पिल्लू नको, ओढून पाडेल. तीन-चार वर्षांचा शांत गावठी कुत्रा दत्तक घ्या. रेबीजची लस आणि जंताचं औषध चुकवू नका. चावला, ओरखडलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. कांदा, द्राक्षं, चॉकलेट त्याला वर्ज्य. आणि तुम्ही गावाला गेलात तर त्याला कोण सांभाळणार, हे मुलीशी आधीच बोलून ठेवा.