आईच्या नावाची शिष्यवृत्ती तिथीला नको, जूनमध्ये द्या

प्रश्न: आमची आई जुन्नरजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होती. गेल्या पौषात ती गेली. तिथल्या हायस्कूलमध्ये दहावीला पहिला येणाऱ्याला दरवर्षी तिच्या तिथीला शिष्यवृत्ती द्यावी, असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. भाऊ कॅनडाचा नागरिक झालाय, मी म्युनिकमध्ये असले तरी पासपोर्ट भारतीयच आहे. दोघांनी मिळून ५ लाख बाजूला ठेवलेत. सुरुवात कशी करावी?

उत्तर: ताई, पहिल्या नंबराचा विचार सोडा, ही माझी पहिली विनंती. पहिला येणारा बहुतेक वेळा कसाही पुढे जातोच. अडते ती साठ-पासष्ट टक्के मिळवणारी मुलगी. तिला पुण्यात ठेवायचं कुठे आणि तिचं जेवण भागवायचं कशातून, या दोन प्रश्नांवर तिचं शिक्षण थांबतं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून माफ केली आहे. कॉट बेसिसवरची, म्हणजे एका पलंगापुरती भाड्याची जागा, तिचं डिपॉझिट, मेसचे पैसे मात्र घरच्यांनाच भरावे लागतात. पुण्यातल्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५ पासून खेड्यातल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय करत आल्या, त्या याच अडचणीपायी. तुमची रक्कम इथे लागू द्या.

म्हणूनच तिथीचाही हट्ट धरू नका. पौषात हातात पडलेल्या पैशाने जूनमधलं डिपॉझिट भरता येत नाही. तिथीला आईंची आठवण घरी जागवा; पैसे मात्र प्रवेशाच्या वेळी पोचू द्यात.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. आजीच्या नावाने १९९६ साली आम्ही एका शाळेत १० हजारांची ठेव ठेवली. १२ टक्क्यांनी वर्षाला १२०० रुपये यायचे. त्यात एका मुलाची वर्षाची पुस्तकं, वह्या, गणवेश सगळं व्हायचं. पुढे दर घसरले, महागाई वाढली, आणि आम्ही कुणी पुन्हा चौकशीच केली नाही. वीस वर्षांनी गेले तेव्हा आजीच्या नावाने एक कंपासपेटी दिली जात होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. सगळं व्याज वाटून टाकलं की मुद्दल जागच्या जागी झिजतं. साडेसहा टक्के धरले तर तुमच्या ५ लाखांचे वर्षाला साडेबत्तीस हजार होतील. त्यातले २५ हजारच द्या, उरलेले ठेवीत परत घाला. आणि ते पाच जणांत वाटू नका. एक मुलगी धरा आणि तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिची साथ सोडू नका.

आता भावाच्या पैशांविषयी. तुमचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यामुळे तुमची स्वतःची बचत तुम्ही बँकेमार्फत शाळेच्या संस्थेला देऊ शकता. ती परकीय देणगी ठरत नाही. भावाची ठरते, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही. त्यामुळे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही, म्हणून मुलींवर स्वतः खर्च करणारी संस्थाच शोधावी लागेल. नोंदणी ५ वर्षांची असते. तिची मुदत आधी बघून घ्या. एवढ्या रकमेसाठी स्वतःचा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की करायचे बदल अर्ज हे सगळं म्युनिकहून निभावत नाही. त्याऐवजी ठेव कशासाठी आणि निवड कोण करणार, हे संस्थेच्या ठरावात लिहून घ्या आणि ठरावाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

निवडीसाठी मुख्याध्यापकांबरोबर गावातली अंगणवाडी सेविका जरूर घ्या. कुठल्या घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झालीत, हे तिला सगळ्यांआधी कळतं. आणि कृपा करून त्या मुलीला स्टेजवर उभं करून मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटो काढू नका. पैसे तिच्या खात्यात जाऊ देत, वर्षातून एकदा तुम्ही स्वतः तिला फोन करा.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा रकमेचा विषय काढण्याआधी शाळेत बसा आणि मागच्या दोन वर्षांत दहावी झालेल्या मुलींची यादी मागा. अकरावीला कोण गेली नाही, का गेली नाही, हे एकेका नावापुढे विचारून लिहून घ्या. तुमच्या शिष्यवृत्तीची पहिली मुलगी बहुधा त्याच यादीत असेल.