टोमॅटोच्या मर रोगाचे जैविक नियंत्रण

रोप पिवळे पडून मलूल होऊ लागले की प्रथम खोड उभे चिरून पाहावे. आतल्या नलिका तपकिरी दिसल्यास फ्युजेरियम बुरशीचा संशय घ्यावा, मात्र खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरल्यावर दुधाळ धागा सुटला तर तो जिवाणूजन्य मर असतो आणि त्याचे उपाय वेगळे आहेत.

ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे टिकते व मुळांतून थेट जलवाहिन्यांत शिरते. त्यामुळे झाड सुकल्यानंतर आपण ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी ओतणार असाल, तर त्याचा फारसा उपयोग होणार नाही. चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, सावलीत काही दिवस वाढू देऊन, ते लागवडीपूर्वीच मातीत घालावे, म्हणजे मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी ही उपयुक्त बुरशी व्यापते. सोबत रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी (मुळांशी द्रावण ओतणे) मात्र करू नये.

कडक उन्हाळ्यात ओलावलेल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक 4 ते 6 आठवडे घट्ट अंथरल्यास वरच्या थरातील बुरशी बरीच घटते. आम्लधर्मी मातीत हा रोग बळावतो, म्हणून तपासणीनंतर चुना घालून सामू (pH) 6.5 ते 7 च्या दरम्यान आणावा. सूत्रकृमींनी (मातीतील सूक्ष्म कृमींनी) मुळांना केलेल्या जखमांतून बुरशीला वाट मिळते, त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. माझ्या मते, रोगप्रतिकारक वाणाची निवड या सर्वांहून महत्त्वाची आहे. रोगट झाडे मुळांसकट उपटून जाळावीत, कंपोस्टमध्ये टाकू नयेत.