रिपोर्ट नॉर्मल, मग पायाची आग खोटी का?

"नसांची एनसीव्ही तपासणी नॉर्मल आली. घरचे म्हणतात, सगळं तुझ्या डोक्यात आहे. खरंच तसं असतं का हो?" मधुमेह असलेली माणसं हा प्रश्न मला सारखा विचारतात. कळव्याच्या एका काकूंनीही विचारला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू साठीच्या. पोळी-भाजीचे डबे करून द्यायच्या. मधुमेह जुना, त्यावरची मेटफॉर्मिनची गोळी कित्येक वर्षं चालू. पायांच्या आगीसाठी लिहून दिलेली गोळी घेत नाहीत म्हणून डॉक्टरांनी त्यांना ठाण्यात माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी चपला काढल्या आणि दोन्ही तळवे थंड लादीवर दाबून धरले. रात्रीही हेच चालायचं. अंथरुणात पायांची आग, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवेना, मग उठून मोरीत पायांवर पाणी. मुलगा म्हणायचा, "दिवसभर ओट्याशी उभी असतेस, तेव्हा कुठे दुखतं?"

गोळी होती ड्युलॉक्सेटिनची. मुलाने मोबाइलवर नाव टाकलं, 'डिप्रेशनचं औषध' असं आलं आणि काकूंनी ती बंद करून टाकली. "म्हणजे डॉक्टरांनाही मी नाटकीच वाटते ना, मॅडम?"

आधी रिपोर्टचं बोलले. एनसीव्हीत मोजला जातो तो जाड तंतूंमधून जाणारा संदेश. आग, चटका, टोचणी वाहून नेणारे तंतू फार बारीक असतात, ते त्या तपासणीत दिसतच नाहीत. घोडबंदर रोड मोकळा आहे म्हणून आतल्या गल्लीत कोंडी नाही, असं थोडंच? गोळीचं म्हणाल, तर हेच औषध मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यासाठी अमेरिकेत २००४ पासून मान्य आहे. मेंदू आणि मज्जारज्जूतून दुखण्याला आवर घालणारी जी यंत्रणा असते, तिला ते बळ देतं. मन ठीक असलेल्या माणसालाही ते देतात. सुरुवातीला मळमळतं, गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मनाने एकदम बंद करायचं नसतं. यातलं काहीच काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. ओपीडीतली गर्दी मला कळते, पण दोन वाक्यांना वेळ किती लागतो?

पुढच्या तपासणीला मुलगा सोबत गेला, हे मी मुद्दाम करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी काकूंना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. कळलं की "हो" म्हणायचं. टाचेला "हो" आलं. अंगठ्याला धागा वाकला तरी काकू गप्पच. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लावा ना." मुलगा बघतच राहिला. मला नंतर म्हणाला, "एवढी आग होते, मग लावलेलं कसं कळत नाही?"

घरच्यांचा गोंधळ होतो तो नेमका इथे. बिघडलेली नस बाहेरचा स्पर्श आत पोचवत नाही, पण स्वतःहून भलतेच संदेश पाठवत राहते. त्यामुळे बधिरपणा आणि आग एकाच पायात सुखाने नांदतात. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तसं ते वर सरकतं. रात्री लक्ष दुसरीकडे नसतं, म्हणून दुखणं जास्त जाणवतं. "आज पुन्हा झोप नाही" या धास्तीने ते आणखी वाढतं, आणि माझं काम त्या धास्तीवर होतं. पण धास्तीने वाढतं म्हणजे धास्तीतून जन्मतं असं नव्हे, हे मी मुलाला दोनदा ऐकवलं.

रक्तात बी-१२ कमी निघालं. काकू शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींनी ते घटतं. इंजेक्शनं सुरू झाली. गोळीही पुन्हा सुरू झाली. दुखण्याला दहापैकी आठ गुण देणाऱ्या काकू काही महिन्यांनी चार देऊ लागल्या. "पूर्ण जाईल?" याला मी "हो" म्हटलं नाही. निम्मं कमी होणं हेच या दुखण्यात चांगलं यश मानतात, आणि बधिरपणा या गोळीने जात नाही.

म्हणून पायांची राखण सुटत नाही. सून प्रेमाने कढत पाण्यात मीठ घालून पाय शेकायला द्यायची, ते बंद केलं. बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. घरातही चप्पल. वाद झाला तो सोमवारी कोपिनेश्वराच्या देवळात अनवाणी जाण्यावरून. शेवटी पांढऱ्या सुती मोज्यांवर तडजोड झाली, रक्ताचा डाग लगेच दिसावा म्हणून पांढरे. रोज रात्री काका चष्मा लावून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघतात. जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा मुंग्या येणारे बरेच जण घाबरून विचारायचे, "मलाही तेच असेल का?" मधुमेहातला त्रास महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो. जीबीएसमध्ये पायांतली ताकद काही दिवसांतच जायला लागते. चालताना पाय लटपटायला लागले, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.