वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार), पायांवर सूज आणि मधुमेह आहे. गावात, घरी त्यांची शुश्रूषा कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की वडील बासष्ट वर्षांचे आहेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात आणि नुकतीच दवाखान्यातून सुट्टी झालीय. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. पाणी दिवसाला दीड लिटरच द्यायला सांगितलंय. लघवीची गोळी, दोन वेळा इन्सुलिन आणि हळूहळू कमी करत न्यायची स्टेरॉइडची गोळी चालू आहे. तुम्ही पुण्यात, घरी आई एकट्या, त्यात मे महिना. आईनं नेमकं काय बघायचं, हा तुमचा प्रश्न.

मी विदर्भातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. औषध आणि डोस डॉक्टरांनी ठरवायचे, त्यात मी शिरत नाही. घरच्या शुश्रूषेचं मात्र सविस्तर सांगते, कारण सुट्टीच्या दिवशी गडबडीत नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. दम, सूज, जेवण आणि साखर हे चार सुटे आजार नाहीत, एक हलला की दुसरा हलतो. दम लागला की घास जात नाही. घास गेला नाही आणि इन्सुलिन मात्र ठरल्याएवढं दिलं, तर साखर उतरते. स्टेरॉइडनं साखर चढते आणि ती गोळी कमी होत गेली की तेच इन्सुलिन जास्त होऊ लागतं. लघवीच्या गोळीनं सूज उतरते, पण ४५ अंशांच्या उन्हात तीच गोळी माणसाला कोरडं पाडते. म्हणून आईंना एक वही करून द्या. रोज सकाळी वजन, श्वास, बोटाला लावायच्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा, साखर, लघवी किती झाली आणि किती जेवले, एवढंच लिहायचं. आकडा एकटा फार काही सांगत नाही, कालच्याशेजारी ठेवला की सांगतो.

श्वास मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. बाबा निवांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पोटाकडे किंवा छातीकडे बघत घड्याळावर पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोजतोय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचे विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० श्वास असतात. सीओपीडीच्या जुन्या पेशंटचे थोडे जास्त असू शकतात, त्यामुळे बरं असतानाचा त्यांचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. तो तिशीकडे जायला लागला, मान आणि फासळ्यांमधली जागा आत ओढली जायला लागली, एक वाक्य एका दमात पुरं होईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आईंना हे जमेल का, अशी शंका मनात आणू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या दायांना लहान मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं होतं. त्या बायांना जमलं, तुमच्या आईंनाही जमेल.

आता ऑक्सिजन. इथे मी जरा जास्त थांबणार आहे. सीओपीडीच्या बहुतेक पेशंटचा ऑक्सिजन बोटाच्या मशीनवर ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायचा असतो. ९८ हे ध्येय नाही. वर्षानुवर्षं फुप्फुस खराब झालेल्या माणसाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. मग माणूस तडफडत नाही, उलट शांत होतो. आमच्याकडे एका आजोबांना आणलं होतं. शेजाऱ्यानं मायेपोटी मशीन दोन लिटरवरून पाचवर नेलं होतं. आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, रातभर शांत झोपून हायेत, म्हून उठवलं नाही जी." बोटावर आकडा ९९ होता. हाक मारली की डोळे उघडायचे आणि वाक्य संपायच्या आत मिटायचे. तळहात गरम, आणि हात पुढे करायला लावला की पंजा फडफडायचा. आम्ही ऑक्सिजन कमी केला, पुढे पाठवलं. तिथे मास्कच्या मशीनवर दोन दिवस ठेवावं लागलं, तेव्हा ते घरी आले. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला लिटरचा आकडा मशीनवर मोठ्या अक्षरांत चिकटवा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगा.

गुंगीबद्दल आणखी एक. तुमच्या बाबांना अवेळी झोप येत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, तर त्याला किमान तीन कारणं असू शकतात: कार्बन डायऑक्साइड साचलाय, साखर उतरलीय, किंवा लघवीच्या गोळीनं रक्तातलं सोडियम कमी झालंय. घरात यातलं एकच लगेच तपासता येतं, ते म्हणजे साखर. ती आधी बघा. साखर ठीक असेल तर थांबू नका, दवाखाना गाठा.

मशीन भिंतीपासून फूटभर दूर ठेवा आणि त्याची जाळी आठवड्याला धुवा. बहुतेक मशीनं ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत दुपारी नको, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत बाबा आणि मशीन दोघांनाही हलवा. कुलर लावा, पण खिडकी उघडी ठेवून, वारं थेट तोंडावर येणार नाही असा. टाकीतलं पाणी बदलत राहा, कुबट वासाच्या ताट्या काढून टाका. लाइट गेली तर काय, हे आजच ठरवा: भरलेलं छोटं सिलिंडर घरात हवंच. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत बिडी, उदबत्ती, दिवा काहीही नको. चुलीत पराट्या (कपाशीची वाळलेली झाडं) जळत असतील तर तो धूरही त्या खोलीत येता कामा नये. आईंच्या स्वतःच्या छातीसाठीही गॅसच बरा.

दम लागला की आपण माणसाला आडवं करायला जातो. तसं करू नका. खाटेच्या कडेला बसवा, पुढे स्टूल किंवा उशांची चळत ठेवून त्यावर हात टेकवा, नाकानं श्वास आत आणि ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. कॅप्सूलचा पंप दिला असेल तर आईंना समोर करून दाखवायला सांगा. ती कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे पेशंट मी नेहमी बघते. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो.

पाण्याचं गणित घरात सगळ्यात जास्त भांडण लावतं. बाबा पाणी मागतात, बाहेर आग ओकतंय, आणि 'नको' कोण म्हणणार? यावर एक सोपी रीत आहे. सकाळी दीड लिटर पाणी एका बाटलीत भरून त्यांच्यासमोर ठेवा. ते चहा प्याले, ताक प्याले, पातळ वरण प्याले, की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. बाटलीत उरलं तेवढंच शिल्लक. मोठ्या गडव्याऐवजी छोट्या पेल्यानं द्या. मध्ये नुसती चूळ भरू द्या, ओठ ओल्या फडक्यानं टिपा, ओल्या पंचानं अंग पुसा. मीठ कमी झालं की तहानही कमी होते. उन्हाळ्यात आपल्याकडे वाळवणं निघतात. पापड, कुरड्या, सांडगे, लोणचं आणि मीठ घालून कुटलेला ठेचा ताटातून बाजूला काढा. 'लो सोडियम' मीठ मनानं आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा काही विशिष्ट लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं आहे.

पाणी साचतंय की कमी पडतंय, हे वजन सांगतं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. डॉक्टरांना फोन करा. नडगीवर अंगठा पाच-सहा सेकंद दाबून ठेवा, खळगा किती वेळ राहतो तेही लिहा. उलट वजन उतरतंय, उठताना भोवळ येते, लघवी गडद आणि थोडी होते, जीभ कोरडी, तर पाणी कमी पडतंय. अशा वेळी, आणि उलट्या किंवा हगवण लागली त्या दिवशी, लघवीच्या गोळीचं काय करायचं हे फोन करून विचारा. तीच गोळी रेटत राहणं किडनीला महागात पडतं. जुन्या प्लास्टिकच्या डब्यावर मापाच्या खुणा करून लघवी मोजा. साठ किलोच्या माणसाची दिवसाला साधारण पाऊण लिटर तरी व्हायला हवी.

जेवणाबद्दल थोडक्यात. पोट तुडुंब भरलं की श्वासाला जागा राहत नाही, म्हणून दोन मोठ्या ताटांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. नाकातली नळी जेवताना चालूच ठेवा. भाकरी घट्ट वरणात मऊ करून, अंडं, तुरीचं घट्ट वरण, जवसाची चटणी मीठ बेतानं घालून. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा. 'साखर आहे' म्हणून उपाशी ठेवू नका. या आजारात मांस झडतं, आणि श्वास ओढणारे स्नायूही त्यातच आले.

इन्सुलिनचं मात्र आजच्या आज तपासा. बाटलीवर ४० लिहिलंय की १००, आणि सिरिंजचं टोपण कोणतं? आपल्याकडे ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होऊ शकतो किंवा निम्म्याहूनही कमी. बंद बाटल्या फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत ठेवा. आधी ताट समोर आणि मग सुई, हा क्रम ठेवा. जेवणार नसतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस देऊ नका. घाम, थरथर, चिडचिड, किंवा साखर ७० च्या खाली, तर तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका.

स्टेरॉइडची गोळी अचानक बंद करायची नाही, 'आता बरं वाटतंय' म्हणूनही नाही. काही आठवडे ती घेतल्यावर शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतं. एकदम थांबवली की उलट्या, प्रचंड अशक्तपणा, रक्तदाब उतरणं सुरू होतं. संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा. आणि गावात कोणी दम्यावर पुडी देत असेल तर घेऊ नका. त्यात हेच औषध असू शकतं, किती ते कोणालाच माहीत नसतं.

पायांकडे रोज संध्याकाळी बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मे महिन्यात अंगणात अनवाणी दोन पावलं टाकली तरी मधुमेही तळवा भाजतो आणि कळत नाही.

ओठ निळसर पडले, झोपेतून नीट जागे होईनात, ठरलेल्या ऑक्सिजनवरही आकडा ८८ च्या खाली राहिला, छातीत दुखलं, किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आली, तर १०८ ला फोन करा. सुट्टीचं कार्ड, वही आणि सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत, दाराजवळ खिळ्याला टांगून ठेवा. गाडी यायला वेळ लागणार असेल आणि शेजाऱ्याच्या गाडीनं निघावं लागलं, तर बाबा शुद्धीवर असताना त्यांना मागच्या सीटवर आडवं झोपवू नका. बसवूनच न्या, आणि सिलिंडरचा आकडा तोच ठेवा.